बॉल आपल्याकडे नसताना काय करायचं? फुटबॉल, बास्केटबॉल, हॅन्डबॉल, हॉकी शिकणाऱ्यांसाठी पहिल्या दिवसापासून

शाळेतल्या मुलांची अगदी पहिली फुटबॉल मॅच बघितलीये का कधी? बॉल जिकडे तिकडे सगळे. गुळाच्या ढेपेला मुंगळे लागावेत तसा वीस जणांचा घोळका ग्राउंडभर फिरत असतो, त्यात एकमेकांच्या नडग्या फुटतात, गोलकीपर कंटाळून गवत उपटत बसलेला असतो आणि बाहेरून जो तो "मार! मार!" ओरडत असतो. मीही लहानपणी त्याच घोळक्यात होतो. पुढे मुलांना शिकवायला लागलो तेव्हा पहिले सहा महिने मीपण ठरलेलंच केलं, लाइन लावायची, एकेकाने यायचं, गोलवर किक मारायची, परत लाइनीत मागे जायचं. मुलांच्या किका सुधारल्या, मॅच मात्र तशीच. घोळकाच.

मग एकदा साधा हिशोब मांडला. ४० मिनिटांची मॅच, २२ खेळाडू. बॉल सगळ्यांना अगदी सारखा वाटून दिला तरी एकेकाच्या वाट्याला दोन मिनिटंसुद्धा येत नाहीत. म्हणजे उरलेली ३८ मिनिटं बॉलशिवाय खेळायचं असतं आणि नेमकं तेच आपण कुणाला शिकवत नाही. या लेखात नियम आहेत, बॉलची स्किल्स पण आहेत, पण माझा जास्त जोर त्या ३८ मिनिटांवर आहे हे आधीच सांगून ठेवतो.

हे खेळ एका कुळातले का आहेत

फुटबॉल, बास्केटबॉल, हॅन्डबॉल, हॉकी, नेटबॉल, रग्बी, वॉटर पोलो, या सगळ्यांना मिळून इन्व्हेजन गेम्स म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या हद्दीत घुसायचे खेळ. व्हॉलीबॉल-बॅडमिंटनमध्ये मधे नेट असतं, समोरचा तुमच्या अंगावर येत नाही. क्रिकेटमध्ये पाळ्या असतात, आत्ता तुमची बॅटिंग मग त्यांची. इथे असलं काही नाही, दोन्ही टीम एकाच जागेत मिसळलेल्या आणि बॉल गेला की त्याच क्षणी तुमची पाळी संपली, कुणी सांगायला येत नाही. त्यामुळे यातला एक खेळ डोक्याने शिकलात की दुसरा निम्मा आपोआप येतो. बास्केटबॉल खेळलेली पोरं हॅन्डबॉलमध्ये पहिल्याच दिवशी मोकळी जागा शोधतात, हे मी कितीतरी वेळा बघितलंय, त्यांना थ्रो नीट येत नसतो तरीही.

१९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बंकर आणि थॉर्प या दोघांनी शिकवण्याची एक पद्धत मांडली, आधी मुलाला खेळ कळू दे, तंत्राची गरज त्याची त्याला जाणवू दे, मग तंत्र शिकवा. माझी गाडी या रुळावर फार उशिरा आली. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहितोय.

पायरी १: नियम पाठ करू नका, त्यातला सौदा समजून घ्या

डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाला सांगितलं गेलं की थंडीत हॉलच्या आत खेळता येईल असा काहीतरी खेळ काढ. बाहेरचे धसमुसळे खेळ कडक फरशीवर खेळवले तर हाडं मोडणार. तो विचार करायला लागला की खेळाडू एकमेकांना का पाडतात? तर समोरचा बॉल घेऊन पळतो म्हणून. मग पळूच दिलं नाही तर पाडायचं कारणच उरत नाही! झालं, बॉल हातात घेऊन पळायचं नाही हा नियम तिथून आला. आणि गोल उंचावर टांगला कारण उंचावरच्या आडव्या टोपलीत बॉल जोरात फेकून चालत नाही, अलगद टाकावा लागतो. पीच नावाच्या फळाच्या टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला ठोकल्या होत्या त्या १० फुटांवर, आजही रिंग तिथेच आहे, ३.०५ मीटर.

ही गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की या कुळातल्या प्रत्येक खेळात असाच एक सौदा आहे: बॉलवाल्याला जितकी मोकळीक, तितकीच त्याला अडवणाऱ्याला. रग्बीत बॉल कवटाळून पाहिजे तेवढं पळा, पण मग समोरचा तुम्हाला मिठी मारून खाली पाडणार (खांद्याच्या वर हात घातला तर फाउल). नेटबॉल बरोबर उलट टोकाला, बॉल हातात आला की चालता येत नाही, तीन सेकंदांत सोडावाच लागतो, म्हणून अडवणाऱ्यालाही ०.९ मीटर लांब उभं राहावं लागतं. हॅन्डबॉल मधोमध, बॉल धरून तीन पावलं आणि तीन सेकंद, मग ड्रिबल (बॉल हाताने जमिनीवर आपटत नेणं), मग पुन्हा तीन पावलं, आणि बचाववाल्याला समोरून छातीने अडवायची परवानगी, पण मागून ओढणं, ढकलणं, हात पकडणं नाही. फुटबॉलमध्ये बॉल पायाने सांभाळणं हेच इतकं अवघड आहे की खांद्याला खांदा लावून टक्कर चालते.

हे एकदा डोक्यात बसलं की नवीन खेळाचा नियम आठवला नाही तरी अंदाज बांधता येतो.

एक तिसरी बाजूपण आहे, वेळेची. बॉल आपल्याकडे ठेवून नुसता टाइमपास करायचा मोह प्रत्येक खेळात होतो. १९५० साली एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असं हरवलं होतं, अख्ख्या मॅचमध्ये दोघांचे मिळून ३७ पॉइंट, कारण बॉल नुसता धरून ठेवला. प्रेक्षकांनी काय म्हटलं असेल ते सोडा. १९५४ मध्ये २४ सेकंदांचं घड्याळ आलं, तेवढ्या वेळात शॉट मारायचाच. फुटबॉलमध्ये १९९२ ला असाच नियम आला, आपल्याच माणसाने मुद्दाम पायाने दिलेला पास गोलकीपरला हातात घेता येत नाही. हॅन्डबॉलमध्ये तुम्ही गोलकडे जातच नाही असं वाटलं की रेफ्री हात वर करतो आणि मग चार पासांत गोलवर थ्रो मारावा लागतो.

पायरी २: कुठलाही खेळ घ्या, चार प्रश्न विचारा

पहिल्या दिवशी मुलांना नियमांचं पुस्तक वाचून दाखवू नका, कुणी ऐकत नाही. मी फक्त चार प्रश्न फळ्यावर लिहितो. बॉल घेऊन पुढे कसं जायचं? समोरच्याकडून कसा काढून घ्यायचा? गोल कुठून आणि कसा मोजला जातो? बॉल बाहेर गेला की कुणाचा?

बास्केटबॉलची उत्तरं बघू. पाच जण, २८ बाय १५ मीटरचं कोर्ट, १० मिनिटांचे चार क्वार्टर. पुढे जायचं तर ड्रिबल करत. ड्रिबल थांबवून बॉल दोन्ही हातांत धरला की परत ड्रिबल नाही, केला तर डबल ड्रिबल. बॉल घेऊन उभे असाल तर एक पाय जमिनीला खिळलेला, तो पिव्हट, दुसरा पाय कितीही वेळा फिरवा. इथे मुलं हमखास अडखळतात म्हणून नीट सांगतो: पास किंवा शॉट करताना पिव्हट उचलता येतो, फक्त तो परत टेकायच्या आत बॉल हातातून सुटला पाहिजे. पण ड्रिबल सुरू करताना उलटं आहे, आधी बॉल हातातून सुटायला हवा मग पिव्हट उचलायचा. नाहीतर शिट्टी, ट्रॅव्हलिंग. बॉल काढून घ्यायचा तर बॉलला हात लावा, हाताला नाही. आणि तुम्ही आधीच पाय रोवून समोर उभे असाल आणि तो येऊन छातीवर आदळला तर फाउल त्याचा, तुमचा नाही. एकाचे पाच फाउल झाले की तो मॅचबाहेर. आठ सेकंदांत बॉल मध्यरेषेच्या पुढे न्यायचा, एकदा नेला की मागे आणायचा नाही, रिंगखालच्या चौकोनात तीन सेकंदांपेक्षा जास्त तळ ठोकायचा नाही. ६.७५ मीटरच्या कमानीबाहेरून बास्केट पडली तर तीन, आतून दोन, फ्री थ्रोचा एक.

हॅन्डबॉलमध्ये सहा अधिक गोलकीपर, ४० बाय २० मीटर, ३० मिनिटांचे दोन हाफ. सगळा खेळ ६ मीटरच्या त्या रेषेभोवती फिरतो, आत फक्त गोलकीपर. पण गंमत अशी की रेषेबाहेरून उडी मारून हवेत असताना आतून थ्रो मारता येतो, पाय टेकायच्या आत बॉल सुटला म्हणजे झालं. मुलांना ही एक गोष्ट कळली की त्या दिवशी दुसरं काही शिकवता येत नाही, सगळे उड्याच मारत बसतात. मारू द्या. अगदी ठरलेला गोल नियम मोडून अडवला तर ७ मीटरवरून थ्रो, जबर फाउलला दोन मिनिटं बाहेर, आणि एकाच खेळाडूवर अशी वेळ तिसऱ्यांदा आली तर लाल कार्ड.

हॉकीत ११ जण, १५ मिनिटांचे चार क्वार्टर. स्टिकची फक्त सपाट बाजू वापरायची, बॉल पायाला लागून फायदा झाला तर फाउल, आणि गोल फक्त डी-च्या (गोलसमोर आखलेल्या अर्धगोलाच्या) आतून अटॅकरचा स्पर्श झाला तरच धरतात. मध्यरेषेवरून मारलेला फटका कुणाच्याही स्टिकला न लागता थेट जाळ्यात गेला तर गोल नाही! ऑफसाइड हॉकीतून ९०च्या दशकातच काढून टाकला.

फुटबॉलचे बहुतेक नियम तुम्हाला येतात, येत नाही तो ऑफसाइड. तर बसा जरा.

पास देणाऱ्याच्या पायातून बॉल सुटला त्या क्षणाचा फोटो काढलाय असं समजा. बॉल पोचला तेव्हाचा नाही, सुटला तेव्हाचा, सगळी भांडणं इथेच होतात. त्या फोटोत तीन गोष्टी तपासा. तुम्ही समोरच्यांच्या हाफमध्ये आहात का? बॉलच्या पुढे आहात का? आणि समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे आहात का? (शेवटचा बहुतेकदा गोलकीपर असतो, पण असलाच पाहिजे असं नाही.) तिन्हींचं उत्तर हो आलं तर तुम्ही ऑफसाइडच्या जागी आहात. बरोबरीत असाल तर चालतं, हात मोजत नाहीत. आणि नुसतं त्या जागी उभं राहणं हा गुन्हा नाही, तिथून खेळात भाग घेतलात तर शिट्टी. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलवर ऑफसाइड नसतो. कागदावर शिकवू नका, चार मुलं प्रत्यक्ष उभी करा आणि पास सुटताच "स्टॅच्यू" ओरडा, सगळे जागच्या जागी थिजले की मुलंच भांडून उत्तर काढतात.

चौथ्या प्रश्नात एक बारीक खोच आहे. फुटबॉल, हॉकी, हॅन्डबॉलमध्ये रेषा आतली धरतात, बॉल अख्खा पार गेला तरच बाहेर. बास्केटबॉलमध्ये रेषा म्हणजेच बाहेर, बॉल हातात असताना बूट रेषेला लागला तरी संपलं. दोन्ही खेळ खेळणाऱ्या मुलांचा इथे कायम गोंधळ होतो.

पायरी ३: बॉल घेणं आधी, देणं नंतर

सगळे पासपासून सुरुवात करतात. मला वाटतं चुकतं. पास वाईट असला तरी चांगला घेणारा तो वाचवतो, पण घेणारा कच्चा असेल तर सोन्यासारखा पास पण वाया.

हाताच्या खेळात: बॉल यायच्या आधी दोन्ही पंजे पुढे, बोटं पसरलेली, छातीच्या उंचीवर, देणाऱ्याला टार्गेट दाखवायचं. बॉल लागला की कोपर वाकवत अंगाकडे ओढून घ्यायचा, भिंतीसारखे ताठ हात ठेवले तर उडून जातो. आणि बॉलची वाट बघत उभं राहायचं नाही, एक पाऊल पुढे जाऊन घ्यायचा, कारण अडवणारा त्याच एका पावलाची वाट बघत असतो. फुटबॉलमध्ये तेच पायाने, बॉल लागताना पाऊल किंचित मागे घ्यायचं म्हणजे तो जागेवर मरतो. शक्य असेल तेव्हा लांबच्या पायाने घ्या आणि अंग अर्धं वळवून उभं राहा, एक खांदा देणाऱ्याकडे एक गोलकडे. पूर्ण पाठ गोलकडे करून घेतलात तर पुढे काय आहे हे कळायलाच अजून दोन सेकंद जातात आणि दोन सेकंद कुणी देत नाही.

घ्यायच्या आधी खांद्यावरून एकदा मागे बघायचं. ही सवय लावायला मी एक करतो, घेणाऱ्याच्या मागे एक मुलगा उभा राहून बोटं दाखवतो, दोन किंवा तीन किंवा पाच, आणि घेणाऱ्याने बॉल पायाला लागायच्या आत आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी सगळे चुकतात. आठवड्याभरात मान आपोआप वळायला लागते.

आता पास. फुटबॉलचा साधा पास पायाच्या आतल्या बाजूने, आधाराचा पाय बॉलच्या शेजारी आणि त्याचा अंगठा जिथे पास द्यायचा तिकडे, घोटा कडक, बॉलच्या मधोमध. पास सारखा वर उडतोय? तुम्ही मागे झुकताय. बास्केटबॉलचा चेस्ट पास छातीतून सरळ, एक पाऊल टाकत, शेवटी तळवे बाहेर आणि अंगठे खाली. समोर हात पसरून कुणी उभा असेल तर बाउन्स पास, टप्पा मधोमध नाही तर घेणाऱ्याच्या बाजूला, अंतराच्या साधारण दोन-तृतीयांशावर, म्हणजे त्याच्या कमरेशी येतो. हॉकीत डावा हात स्टिकच्या टोकाला, उजवा खाली, आणि पुश पासला स्टिक बॉलला चिकटलेलीच असते, मागे उचलून फटका नाही. नवशिक्यांनी फटका लवकर शिकूच नये असं माझं मत आहे, पुशने महिनाभर काढा.

पास कुठे द्यायचा? माणूस जिथे आहे तिथे नाही, पोचणार आहे तिथे.

ड्रिबल सगळ्यांना आवडतो आणि सगळे जास्त करतात. बोटांच्या पेरांनी, तळव्याने नाही, कमरेच्या खाली, आणि अडवणाऱ्यापासून लांबच्या हाताने. नजर वर. फुटबॉल-हॉकीत बॉल जवळ ठेवून छोटे छोटे टच. हूल द्यायची तर खांद्याने द्या आणि त्यानंतर वेग बदला, नुसती हूल देऊन त्याच वेगाने गेलात तर तो परत गाठतो. मी मुलांना एकच विचारतो, ड्रिबल करून तुला जागा मिळाली का? मिळाली तर ठीक. नाहीतर पास होता की.

शूटिंगबद्दल थोडक्यात: जोरापेक्षा कोपरा महत्त्वाचा, आणि गोलकीपर हलतोय त्याच्या उलट बाजूला. बास्केटबॉलमध्ये कोपर रिंगच्या रेषेत, ताकद गुडघ्यातून, सुटल्यावर मनगट पडलेलं. लहान मुलांना मोठ्यांचा सात नंबरचा बॉल देऊ नका, पाच नंबर द्या, नाहीतर ती कमरेतून ढकलून मारायला शिकतात आणि ते वळण पुढे जात नाही.

पायरी ४: ती ३८ मिनिटं

एका बॅचला सातवीतली एक मुलगी होती. तक्रार एकच, "सर, मला कुणी पासच देत नाही." मलाही वाटलं की बाकीच्या तिला मुद्दाम टाळतायत. मग एक दिवस बॉलकडे न बघता फक्त तिच्याकडे बघत बसलो. ती प्रत्येक वेळी, म्हणजे अगदी प्रत्येक वेळी, समोरच्या खेळाडूच्या बरोबर मागे उभी. बॉलवाली मैत्रीण आणि ही, यांच्यात कुणीतरी तिसरं माणूस असायचंच. तिला सांगितलं की हात वर करून ओरडू नको, फक्त एवढं बघ, बॉल तुला दिसतोय का, मधे कुणाचं अंग येतंय का, येत असेल तर बाजूला दोन पावलं. दोनच. त्या दिवशी दहा मिनिटांत तिला चार पास मिळाले आणि बाकीच्यांना कळलंसुद्धा नाही की नेमकं काय बदललं.

तर पहिलं काम हे, सावलीतून बाहेर या. दुसरं, लांब पसरा. बॉल आपल्याकडे असताना ग्राउंड जितकं मोठं करता येईल तितकं करायचं, दोघं दोन कडांना, एक पुढे. समोरच्यांना पसरावं लागतं आणि मधे फटी पडतात. तिसरं, बॉलवाल्याला कायम दोन पर्याय हवेत, एक डावीकडे एक उजवीकडे, म्हणजे तिघांचा त्रिकोण. तिघं एका सरळ रेषेत आले की एकच माणूस दोघांना झाकतो. बॉल हलला की त्रिकोण परत मांडायचा. हेच सगळ्यात दमवणारं काम आहे आणि टाळ्या पडतात गोल मारणाऱ्याला, काय करणार.

चौथं, मोकळं व्हायचं तर आधी उलट्या दिशेला जा. बॉल पाहिजे असेल तर दोन पावलं लांब पळा, अडवणारा मागे आला की कचकन थांबून परत या. आणि पास दिला की बघत उभं राहू नका. पास द्या आणि लगेच अडवणाऱ्याच्या पाठीमागून पळा, परत घ्या. वन-टू. सगळ्या खेळांत चालणारी ही एकच चाल जरी पक्की झाली तरी आंतरशालेय लेव्हलला निम्मे गोल तिच्यावर होतात, हा माझा अनुभव.

पायरी ५: बचाव म्हणजे बॉलवर तुटून पडणं नाही

आधी जागा. आपला माणूस आणि आपला गोल यांच्या मधे उभं राहायचं, आणि अंग असं ठेवायचं की माणूसही दिसेल आणि बॉलही. नुसता बॉल बघत बसलात की तुमचा माणूस पाठीमागून गायब.

बॉलवाल्यासमोर गेलात की शेवटची तीन पावलं बारीक करा. पूर्ण वेगात गेलात तर तो एका हुलीत मागे टाकतो. दीड हात अंतर, गुडघे वाकलेले, अंग तिरकं, चवड्यांवर. नजर त्याच्या पोटावर किंवा बॉलवर, डोळ्यांवर नाही, डोळे खोटं बोलतात. त्याला मधल्या बाजूने जाऊ देऊ नका, कडेला ढकला, कडेची रेषा तुमच्याकडून खेळणारा फुकटचा माणूस आहे. आणि घाई नको, तुमचं काम त्याला उशीर करणं, तेवढ्यात आपली माणसं मागे येतात. बॉल त्याच्यापासून एक फूट सुटला की तेव्हा पाय घाला.

मागे एकाने आधार द्यायचा. दोघांनी एकदम बॉलवर गेलं की मागे दार उघडं.

मॅन-टू-मॅन (प्रत्येकाने समोरचा एकेक माणूस धरायचा) की झोन (प्रत्येकाने एकेक जागा सांभाळायची)? सुरुवातीला मॅन-टू-मॅन, कारण जबाबदारी ठरते, कुणाचा माणूस सुटला ते कळतं. झोनमागे लपणं सोपं असतं.

सगळ्यात महाग असतात बॉल गेल्यानंतरचे पहिले तीन-चार सेकंद. मुलं डोक्याला हात लावतात, रेफ्रीकडे बघतात, ज्याने घालवला त्याच्यावर ओरडतात, आणि तोवर समोरचे पोचलेले असतात. आमच्याकडे नियम आहे: ज्याचा बॉल गेला त्याने सगळ्यात आधी मागे फिरायचं, ओरडणारा पाच बैठका.

पायरी ६: ४५ मिनिटांचा तास कसा घालवायचा

सात-आठ मिनिटं वॉर्म-अप, पण ग्राउंडला फेऱ्या नकोत. पकडापकडी खेळा, दिशा बदलणं, थांबणं, पळणं सगळं त्यात येतं. मोठ्या मुलांसाठी फिफाचा इलेव्हन प्लस हा प्रोग्रॅम आहे, १५ व्यायाम, साधारण २० मिनिटं, एका पायावर तोल, उडी मारून मऊ उतरणं वगैरे, गुडघा-घोट्याच्या इजा कमी करण्यासाठीच तो केलाय.

मग दहा मिनिटं चौघांत एक. ८ बाय ८ मीटरचा चौकोन, चार कडांना चौघं, मधे एक, त्याला बॉल लागू द्यायचा नाही. हाताने खेळा, पायाने खेळा, स्टिकने खेळा. जमलं की मधे दोन करा आणि चौकोन थोडा मोठा. इथे त्रिकोण आपोआप शिकला जातो, तुम्ही एक शब्द बोलू नका.

त्यानंतर सात-आठ मिनिटं तीन विरुद्ध दोन, एका गोलवर. आणि उरलेला सगळा वेळ तीन-तीन किंवा चार-चारच्या छोट्या मॅचेस, दोन-तीन ग्राउंड आखून. ११-११ नको, वर हिशोब सांगितलाच. या छोट्या मॅचमध्ये एकेक वाकडा नियम टाकत जा. आज ड्रिबल बंद. आज गोलच्या आधी टीममधल्या प्रत्येकाचा हात लागलाच पाहिजे. आज बोलायचं नाही, फक्त खुणा. घोळका मोडायला ड्रिबल-बंदसारखं औषध नाही, बॉल हातात आला की पळता येत नाही म्हटल्यावर बाकीच्यांना मोकळं व्हावंच लागतं.

हरला तो बाहेर असले खेळ टाळा. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर बसतो. आणि पहिल्या वर्षी कुणाला जागा चिकटवू नका, जाडा म्हणून गोलकीपर, उंच म्हणून रिंगखाली, असं नको. पुढच्या वर्षी कोण किती उंच होईल सांगता येत नाही.

एक दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. कानातलं, घड्याळ, कडं काढून ठेवा. फुटबॉलला शिनगार्ड, हॉकीला त्याबरोबर माउथगार्ड. छोटे उचलून ठेवायचे गोलपोस्ट जमिनीला नीट बांधलेले आहेत का बघा, त्याला कुणी लोंबकळू नये. आणि डोक्याला मार लागून मूल गरगरल्यासारखं, विसरल्यासारखं वागायला लागलं तर त्या दिवशी परत खेळवायचं नाही, तो कितीही "मी ठीक आहे" म्हणाला तरी, थेट डॉक्टर.

पायरी ७: एकाला पाच मिनिटं बघा

पुढच्या मॅचला जो बसून असेल त्याच्या हातात वही द्या. त्याने बॉल बघायचा नाही, आपल्या टीममधला एकच खेळाडू निवडून पाच मिनिटं त्याच्याकडेच बघायचं आणि तीन खुणा करत जायच्या: बॉल आपल्याकडे असताना तो सावलीत होता की मोकळा, पास दिल्यावर पळाला की उभा राहिला, बॉल गेल्यावर पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडलं. मध्यंतरात त्यालाच वही दाखवायची, आपण काही बोलायचं नाही. आमच्या वहीत पहिल्या मॅचला एका बऱ्यापैकी स्टार पोराच्या नावापुढे "उभा, उभा, उभा, पळाला, उभा" असं लिहिलेलं होतं. त्याने वाचलं, वही परत दिली, बुटाची लेस बांधली आणि दुसऱ्या हाफला पहिला पास दिल्या दिल्या पळाला.